दिलेला बॉल

पडद्यावर त्याला आधी शर्ट दिसला, माणूस मागाहून. निळ्या चौकड्यांचा, खिशाखाली शाईचा डाग पडलेला, त्याचाच जुना शर्ट. मीटिंगच्या खोलीतल्या भिंतीवर तो शर्ट दुप्पट मोठा होऊन कुणाच्या तरी अंगात उभा होता आणि टेबलाभोवतीची मंडळी कॉफीचे घोट घेत त्याच्याकडे बघत होती. कुठल्याशा इमारतीच्या पायऱ्यांवर दोन रांगांत उभी केलेली मोठी माणसं, कुणाची मान तिरकी, कुणाचं तोंड उघडं, आणि मागच्या रांगेत कडेला दादा. त्याचा सख्खा थोरला भाऊ. केस पांढरे झालेले, शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली, आणि फोटो काढणाऱ्याकडे न बघता फोटोच्या बाहेर कुठेतरी बघून हसणारा. "किती गोड आहेत ना सगळे?" बाईसाहेब म्हणाल्या. बाईसाहेब म्हणजे चेअरमनच्या पत्नी. कंपनीत त्यांना कुठलंच पद नव्हतं, त्यामुळे त्यांचं म्हणणं खोडायची सोय कुणालाच नव्हती. "गेल्या वर्षी आपण भटक्या कुत्र्यांसाठी गोल्फ खेळलो. फोटो फार सुंदर आले, पण कसं आहे, कुत्री थँक यू म्हणत नाहीत. यंदा मला माणसं हवीत. हे मतिमंद प्रौढांचं वसतिगृह आहे. यातली काही जणं आपण स्पर्धेच्या दिवशी मैदानावर आणायची, शेवटच्या होलपाशी. काय?" शेवटचं 'काय' त्याला उद्देशून होतं. त्याचा कप बशीवर वाजला. तेवढंच. "छान कल्पना आहे, मॅडम," तो म्हणाला, आणि डायरीत 'वसतिगृह' असं लिहून त्याखाली रेघ मारली.

तो कंपनीचा जनसंपर्क अधिकारी होता. म्हणजे कंपनीने जनांना पायाखाली घातलं की त्यांच्याशी संपर्क ठेवायचं काम त्याचं. धर्मादाय गोल्फ स्पर्धेचं घोंगडं त्याच्या गळ्यात पडलं त्याला आता इतकी वर्षं झाली होती की ते घोंगडं आहे हेही कुणाला आठवत नव्हतं. लोकांना वाटे त्याला आवड आहे. आवड! ज्यांना दान करायचं त्यांनी गपचूप घरी बसून करावं, याला कायद्याची काही आडकाठी आहे का? पण नाही. या लोकांना दान करण्याआधी सकाळी उठून पिस्त्याच्या रंगाची पँट घालावी लागे, एका हातात मोजा चढवावा लागे, गावभर पसरलेली हिरवळ तुडवत एका पांढऱ्या गोळीला काठीने झोडपावं लागे, आणि मग भुकेजल्या पोटी तंबूत बसून दुसऱ्याच्या भुकेबद्दल हळवं व्हावं लागे. त्यांच्यातला प्रत्येक जण नाव नोंदवताना आपण किती वाईट खेळतो हे फुगवून सांगे, कारण जो वाईट खेळतो त्याला जास्त फटक्यांची सवलत मिळते. कंपन्या चालवणारी, घरी आरशासमोर छाती काढून उभी राहणारी ही माणसं त्याला फोन करून लाडीगोडीने सांगत, "अरे, माझा खेळ अगदीच ढिसाळ झालाय हल्ली, बघ काही सवलत वाढवता आली तर." आणि तो वाढवून देई. देताना फोनवर असा काही अदबीने हसे की फोन ठेवल्यावर त्याला गाल चोळावे लागत.

त्या खेळातली एक रीत तर त्याला सगळ्यांत हलकट वाटे. बॉल खड्ड्याजवळ येऊन थांबला, वीतभर अंतर उरलं, की समोरचा खेळाडू मोठ्या मनाने म्हणतो, "दिला!" म्हणजे, हा काय आता तुझा चुकणार आहे थोडाच, गेला असं धर, उचल. बॉल आत न जाताच आत गेला म्हणून मोजला जातो. दोस्तांच्या खेळात ठीक आहे, स्पर्धेत चालत नाही. पहिल्या वर्षी त्याने उत्साहाच्या भरात नियमांत ठळक छापलं होतं की प्रत्येक बॉल खड्ड्यात पडलाच पाहिजे. ते वाचून चेअरमननी त्याच्या पाठीवर थाप मारली होती. "तू अजून शाळेतच आहेस रे," ते म्हणाले होते. त्या वर्षी चेअरमनचा बॉल वीतभर उरला तेव्हा सोबतचे तिघे एका सुरात ओरडले, "दिला, सर!" पुढच्या वर्षी हातभर उरला तेव्हाही दिला. आता तर चेअरमनचा बॉल हिरवळीवर नुसता येऊन टेकला तरी भोवतालच्यांच्या तोंडाला पाणी सुटे, आधी कोण ओरडतो याची चढाओढ लागे. चेअरमन हसत वाकत, बॉल उचलत, खिशात टाकत. या गृहस्थांना आयुष्यात सगळंच असं दिलेलं होतं, वडिलांनी कंपनी, सासऱ्यांनी जमीन, डॉक्टरांनी नवा गुडघा. आपला बॉल आपल्या हाताने शेवटचा कधी आत गेला हे त्यांना विचारलं असतं तर त्यांनी मनापासून सांगितलं असतं, की अरे, नेहमीच जातो.

मीटिंग संपल्यावर तो आपल्या केबिनमध्ये येऊन बसला आणि खिडकीच्या काचेवर दिसणाऱ्या स्वतःच्या टकलाकडे बघत राहिला. कंपनीत कुणालाही दादा माहीत नव्हता. लपवला होता असं नाही. कुणी विचारलंच नव्हतं, आणि न विचारता सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. नोकरीला लागताना भावंडं किती या प्रश्नापुढे त्याने 'एकुलता एक' लिहिलं होतं, कारण पुढे कोण काय करतो ते लिहायचं होतं आणि दादा काहीच करत नव्हता. पुढे ते तसंच चालत आलं. मग वरच्यांपुढे हसत हसत तो एकेक पायरी चढला, आणि प्रत्येक पायरीवर ती गोष्ट सांगायला थोडी आणखी अवघड झाली. आता चेअरमन निवृत्तीच्या गोष्टी करत होते, संचालक मंडळात एक जागा होणार होती, आणि बाईसाहेब त्याला हल्ली 'आमचा' म्हणू लागल्या होत्या. या असल्या लोकांच्या टेबलाशी खुर्ची मिळावी म्हणून आपला जीव टांगणीला लागलाय, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. दिसत होतं म्हणून ते कमी होत नव्हतं.

या बाबतीत त्याला खरी चीड होती ती वडिलांची. वडील एका कचेरीत साधे कारकून होते, आणि त्यांचे साहेब पलीकडच्याच गल्लीत राहत. साहेब मोटारीतून जाताना दारापाशी थांबून हॉर्न वाजवत. वडील जेवत असले तर घास तोंडात तसाच ठेवून, हात पँटला पुसत उठत आणि ओरडत, "आलो, साहेब!" तो आवाज त्याच्या कानात कायमचा घर करून बसला होता. बारीक, किनरा, पायांच्या आधी धावत सुटलेला. एरवी वडिलांचा आवाज चांगला भरदार होता. आईवर ओरडताना खिडक्यांची तावदानं हलत. साहेबांपुढे मात्र गळ्यातून हा दुसराच कुणीतरी बोले. साहेब कधीकधी चहाला येत, आणि तिथेच अडचण होती, ती दादाची. दादाला माणसं फार आवडत. कुणी आलं की तो त्यांचा हात हातात घेई आणि सोडत नसे. नाव काय, घर कुठे, घराला जिना आहे का, असं पुन्हा पुन्हा विचारत राही. पहिल्यांदा साहेब आले तेव्हा त्याने त्यांच्या बाहीला नाक पुसलं. वडिलांनी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी एक खेळ शोधून काढला.

खेळाचं नाव अनोळखी-अनोळखी. पाहुणे येणार असले की वडील दादाला जवळ बसवून सांगत, "आज आपण एकमेकांना ओळखत नाही बरं का. तू कोण, मी कोण, काही माहीत नाही. ओळख दाखवली की हरलास." दादा मागच्या पायरीवर पाठ करून बसे, गाल फुगवून, हसू दाबत. कधी हाक मारायची उबळ आलीच तर तोंडावर दोन्ही हात दाबून धरी. खेळ सुटायचा तो वडिलांच्या हाताने. पाहुणे गेले की ते मागे येत, दादा डोकं पुढे करी, वडील त्या डोक्यावर टपली मारत आणि म्हणत, "सुटलास!" मग दादा उड्या मारत सुटे, की मी जिंकलो, मी जिंकलो. तो जवळजवळ नेहमीच जिंके. इतकं मन लावून घरात दुसरं कुणीच काही करत नव्हतं. साहेबांनी एकदा निघताना मागच्या दाराशी त्याला पाहिलं आणि विचारलं, "हा कोण?" वडील म्हणाले, "शेजारचा आहे, साहेब." धाकट्याने ते उंबऱ्यात उभं राहून ऐकलं, आणि त्या दिवसापासून वडिलांविषयी त्याच्या पोटात जे काही गोठलं ते वडील गेले तेव्हाही वितळलं नाही. आणखी एक दिवस त्याला आठवे. साहेबांनी वडिलांना सोबत कुठेतरी नेलं आणि वडील टपली मारायला विसरले. आईने जेवायला हाक मारली तर दादा येईना. "मी तुम्हाला ओळखत नाही," तो भिंतीकडे बघत म्हणाला. आई रागावली, मग रडली, घास घेऊन मागे बसली, पण पठ्ठ्या ओठ घट्ट मिटून बसून राहिला. बारक्याने, म्हणजे त्याने, डोक्यावर टपली मारून पाहिली. पण ज्याने खेळ लावला त्यानेच सोडवायचा, असा दादाचा कायदा होता. वडील परत येईपर्यंत तो तसाच उपाशी होता.

आई गेल्यावर दादा वसतिगृहात गेला. तिथे तो मधूनमधून बिस्किटं आणि आपले जुने कपडे घेऊन जाई, लोखंडी खाटेवर दादाच्या शेजारी बसे, दादा त्याचा हात धरून घराला जिना आहे का विचारे. मधूनमधूनचं हळूहळू कधीमधी झालं, आणि गेल्या हिवाळ्यापासून तर तेही नाही. मीटिंगला दोन आठवडे होऊन गेल्यावर त्याने केबिनचं दार लावून वसतिगृहात फोन केला. तिथल्या व्यवस्थापक ताईंना त्याचं नातं अर्थातच माहीत होतं. "अहो, तुमच्याच कंपनीचं आहे हे कळल्यापासून इथे नुसता आनंदीआनंद आहे!" त्या म्हणाल्या. "तुमच्या मॅडम स्वतः येऊन गेल्या. मी काही बोलले नाही हां, म्हटलं तुम्हीच सांगितलं असेल." तो म्हणाला की दादाला त्या दिवशी आणू नये, ऊन असेल, दगदग होईल. ताई हसल्या. "दादांना कसं नको आणू? सगळ्यांत जास्त सराव त्यांचाच झालाय. व्हरांड्यात स्टीलचा पेला आडवा ठेवतात आणि काठीने बॉल ढकलतात, जेवायला बोलावलं तरी येत नाहीत. चेअरमनसाहेबांबरोबर शेवटचा फटका तेच मारणार आहेत. शिवाय बारक्या भेटणार म्हणून सारखं विचारत असतात, आज का, उद्या का." त्याने केबिनचं दार नीट लागलंय ना ते पाहिलं. मग म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी कामात असेन. सगळे वरिष्ठ असतात. तिथे एकदम ओळख वगैरे..." वाक्य त्याने तसंच लोंबकळत सोडलं. पलीकडे ताईंचं हसणं थांबलेलं ऐकू आलं. "मग मी त्यांना काय सांगू?" त्यांनी विचारलं, आणि त्याने स्वतःचंच तोंड बोलताना ऐकलं: "त्यांना म्हणावं, त्या दिवशी अनोळखी-अनोळखी खेळायचंय." "म्हणजे काय?" "त्यांना कळेल," तो म्हणाला.

घरी बायकोला त्याने अर्धवटच सांगितलं. तिने अर्ध्यावरून पूर्ण ओळखलं. त्या बाबतीत ती हुशार होती. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि घालतच राहिली. "तू त्या चेअरमनला घरी येऊन काय काय नावं ठेवतोस," ती म्हणाली. "भोपळा म्हणतोस, दिलेला बॉल म्हणतोस. आणि त्याला कळू नये म्हणून सख्ख्या भावाला ओळख देणार नाहीस?" तो म्हणाला, "ती माणसं किती हलकी आहेत तुला माहीत नाही. ती दादाकडे कशी बघतील ते मला माहितीय." "अच्छा, म्हणजे दादांसाठी करतोयस तू हे," ती म्हणाली, आणि पुढची घडी घालायला घेतली. तिचं ते 'अच्छा' त्याला फार लागलं. ती अशीच; कुठल्याही मोठ्या वेदनेचा धुण्याच्या ढिगासारखा निकाल लावायची. नंतर त्याला वाटत राहिलं की आपण तिला नीट समजावून सांगायला हवं होतं, पण काय समजावणार होतो ते काही केल्या आठवेना.

स्पर्धेच्या दिवशी सगळं ठरल्याप्रमाणे झालं, म्हणजे सगळे उशिरा आले आणि उशिरा आल्याचा दोष त्याला दिला. ऊन स्वच्छ होतं. गवत इतकं हिरवं होतं की बघून दात आंबावेत. एका खेळाडूला त्याच्या आवडत्या गटात खेळायचं होतं, दुसऱ्याला आपल्या गटात अमुक माणूस नको होता कारण दोघांचा कोर्टात दावा चालू होता, तिसऱ्याची टोपी डोक्याला होत नव्हती. त्याने गट बदलले, टोपी बदलली, "हो सर, नक्की सर" करत तंबूतून तंबूत फिरत राहिला. पण आज त्याचं लक्ष फाटकाकडे होतं. त्याने आपली जागा आधीच हेरून ठेवली होती. शेवटच्या होलच्या हिरवळीपासून लांब, गुणफलकाच्या आडोशाला; तिथून सगळं दिसे आणि तो कुणाला दिसत नसे. दुपारच्या तोंडाला व्हॅन आली. ताई उतरल्या, मग एकेक करून पिवळ्या टोप्या उतरल्या. बाईसाहेबांनी टोप्यांवर कंपनीचं चिन्ह छापून घेतलं होतं, हरवले तर परत आणून द्यायची सोय. दादा सगळ्यांत शेवटी उतरला. तोच निळा शर्ट, आज बटणं बरोबर लावलेली. उतरताना त्याने पायाने जमीन चाचपली, मग मान वर करून त्या एवढ्या मोठ्या मैदानावर नजर फिरवली आणि क्षणात त्याला हुडकून काढलं. फलकाचा आडोसा, लांबचं अंतर, उन्हाचा चष्मा, कशाकशाचा उपयोग झाला नाही. दादाचा चेहरा दिवा लागावा तसा झाला. आणि लगेच त्याने मान झटक्यात वळवली, गाल फुगवले, आणि पाठ करून उभा राहिला. खांदे मात्र हसण्याने गदगदत होते.

त्याला हायसं वाटलं. आणि मग आपल्याला हायसं वाटलं याची शिसारी आली, पण हायसं वाटणं काही थांबलं नाही. तेवढ्यात बाईसाहेबांची हाक आलीच. "अरे, तू तिकडे काय लपतोयस? इकडे ये, फोटोग्राफरला कुठे उभं करायचं ते सांग." तो गेला. हिरवळीभोवती आता चांगलं कडं जमलं होतं. पिस्ता, गुलाबी, लिंबू अशा पँटींचं कडं, आणि त्यात पिवळ्या टोप्या पेरलेल्या. चेअरमननी दादाच्या हातात स्वतःची काठी दिली. "ही माझी लकी स्टिक आहे बरं का," ते मोठ्याने म्हणाले, म्हणजे दादाला नाही, कड्याला. बॉल खड्ड्यापासून चारपाच पावलांवर ठेवला गेला. दादा काठी धरून वाकला, आणि कड्यातली कुजबुज आपोआप थांबली, कारण माणूस एखादं काम खरोखर करतोय हे असल्या गर्दीलाही कळतं. जीभ ओठांच्या कोपऱ्यात, एक डोळा मिटलेला. दादाने बॉल हळूच ढकलला. बॉल निघाला, गवतावरून सरळ घरंगळत गेला, हळू हळू होत खड्ड्याच्या वीतभर अलीकडे येऊन थांबला. कॅमेऱ्याचे खटके उडाले. "दिला!" चेअरमन गरजले. आज द्यायची पाळी त्यांची होती, आणि ती त्यांना भलतीच आवडलेली दिसली. ते वाकले, बॉल उचलला, खिशात टाकला, दादाच्या खांद्यावर हात ठेवून कॅमेऱ्याकडे वळले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

दादा खड्ड्याकडे बघत होता. "आत नाही गेला," तो म्हणाला. "गेला, गेला. मी दिला ना तुला," चेअरमन कॅमेऱ्याकडे बघूनच म्हणाले. "नाही गेला. बॉल आत नाही गेला." दादाचा आवाज चढला. व्हरांड्यात इतके दिवस पेल्यात बॉल घालवलेल्या माणसाला या खेळात आत जाण्यावाचून दुसरं काही असू शकतं हे कोण समजावणार? तो तळहाताने स्वतःच्या मांडीवर मारू लागला, लहानपणी अडकलं की मारायचा तसाच, फट फट फट. कड्यातलं हसू ओशाळलं. कुणीतरी घड्याळात पाहिलं. ताई पुढे झाल्या, "दादा, चला, ज्यूस पिऊ या," पण दादा हलेना. त्याचे डोळे भरले होते, आणि ते भरले डोळे एकेका चेहऱ्यावरून फिरत त्याच्यावर येऊन थांबले. जन्मभर काही अडलं की दादाने एकच हाक मारली होती, बारक्या. ती हाक ओठांपर्यंत आली. ती गिळताना दादाचा गळा वरखाली झालेला त्याने पाहिला. मग दादा रडक्या पण अतिशय अदबीच्या आवाजात त्याला म्हणाला, "अहो साहेब, तुम्ही तरी सांगा ना यांना. बॉल आत नाही गेला."

तो पुढे कधी झाला ते त्याला कळलं नाही. चेअरमनसमोर त्याचा तळहात पसरलेला होता. "सर, बॉल द्या," तो म्हणाला. "अरे, झालंय की आता," चेअरमन हसले. "नाही झालं. द्या." हा आवाज घरी बायकोसमोर चेअरमनला भोपळा म्हणतानाचा होता, कंपनीत तो आजवर कुणी ऐकला नव्हता. चेअरमनच्या भुवया वर गेल्या, पण लोक बघत होते, कॅमेरा बघत होता. त्यांनी खिशातून बॉल काढून त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो खड्ड्याजवळ ठेवला. "अजून मागे होता," दादा नाक ओढत म्हणाला. त्याने बोटभर मागे सरकवला. "आता बरोबर." दादा वाकला, डोळा मिटला, ढकलला. बॉल खड्ड्यात पडताना पेल्यात पडल्यासारखा टण्णकन वाजला. दादाने गुडघ्यांवर बसून आत डोकावून पाहिलं. "गेला," तो म्हणाला, आणि या वेळच्या टाळ्या निराळ्या होत्या, काहींनी तर चक्क ग्लास खाली ठेवून वाजवल्या.

"तुझं बरं ऐकलं रे यांनी!" बाईसाहेब जवळ येत म्हणाल्या. त्या रागावल्या होत्या की खूश झाल्या होत्या ते अजून त्यांचं त्यांनाच ठरवायचं होतं. "ओळखतोस की काय तू यांना?" चेअरमनही वळून बघू लागले. त्याने तोंड उघडलं. एवढं बोलून झालं होतं, उरलं होतं ते वीतभर, हा माझा थोरला भाऊ, बस्स. तो सांगणारच होता. निदान त्याला तसं वाटलं. "छे छे!" दादा मध्येच ओरडला. गुडघ्यावर बसल्या बसल्या त्याने तोंड वर केलं होतं, गालांवर ओले ओघळ आणि डोळ्यांत जिंकण्याची नुसती चमक. "मी नाही यांना ओळखत! कध्धी म्हणजे कध्धीच नाही पाहिलं!" कड्यात हशा पिकला. "किती गोड!" बाईसाहेब म्हणाल्या आणि खूश व्हायचं ठरवून टाकलं. चेअरमनही हसले. आणि त्याने धरून ठेवलेला श्वास सोडला आणि सगळ्यांच्या सोबत, सगळ्यांच्या इतकाच, हसला. जणू 'दिला' म्हणत दादाने त्याचा बॉल उचलून घेतला होता. तो आत गेला असता की नाही हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं, आणि इतरांच्या हिशोबी तर तो गेल्यातच जमा होता. त्याने चेअरमनकडे पाहिलं. ते रुमालाने मान पुसत होते, अगदी स्वस्थ. इतकी वर्षं हा माणूस कसा जगला असेल हे त्याला पहिल्यांदाच नीट कळलं. काही त्रास होत नाही. सवय होते.

ताईंनी पिवळ्या टोप्यांना गोळा केलं आणि रांग व्हॅनकडे निघाली. त्याच्याजवळून जाताना दादा रेंगाळला. इकडे तिकडे पाहिलं, टोपी काढून हातात घेतली, आणि पांढऱ्या केसांचं ते डोकं त्याच्यापुढे जरासं झुकवून उभा राहिला. एक टपली, एक शब्द. हात वर उचलायला काय लागतं? त्याच्या एका हातात निकालाचे कागद होते. दुसरा मोकळा होता. फोटोग्राफर बाजूलाच उभा राहून भिंगाला फडकं मारत होता, बाईसाहेब दोन पावलांवर कुणाला तरी सांगत होत्या की अशी माणसं किती निर्मळ असतात. दादा तसाच वाकून थांबला, गाल फुगवून, धीराने. "चला दादा, उशीर होतोय," ताई म्हणाल्या. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्यांना झुकलेल्या डोक्याचा अर्थ माहीत नव्हता, पण दुसरं सगळं माहीत होतं. दादाने टोपी पुन्हा घातली आणि निघाला. खेळ अजून चालूच आहे असं त्याने धरलं असणार.

व्हॅन हिरवळीला वळसा घालून फाटकाकडे गेली. खिडकीत दादा होता, मान मुद्दाम दुसरीकडे वळवून, ताठ, ओठ घट्ट मिटलेले. एकदाही त्याने वळून पाहिलं नाही. तो हरणार नव्हता. आता तिकडे जेवायची वेळ होईल, ताई हाक मारतील, आणि तो भिंतीकडे तोंड करून सांगेल की मी तुम्हाला ओळखत नाही. उद्याही सांगेल. ज्याने खेळ लावला त्यानेच सोडवायचा. त्या अख्ख्या मैदानावर हे एकट्या त्यालाच ठाऊक होतं. गाडीची किल्ली खिशात होती, वसतिगृह फार लांब नव्हतं, आणि फाटक अजून उघडंच होतं. तंबूतून माईकची खरखर ऐकू आली, मग चेअरमनचा आवाज, की आभार मानायला आमचा माणूस कुठे आहे, त्याला बोलवा पाहू. "आलो, सर!" तो ओरडला, आणि तो बारीक, किनरा आवाज त्याच्या पायांच्या आधी तंबूकडे धावत सुटला.